प्राचीन नमुने आणि जिवंत माणूस

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या शीर्षकपृष्ठावर संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या जोडीने आणखी एक नाव छापलेले आहे. ते औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे. ग्रंथातील चित्रे त्यांची असून ती प्राचीन नमुन्यांच्या आधारे काढली आहेत, असा तेथे स्पष्ट निर्देश आहे. पाठभेदांच्या अरण्यात शिरणारा वाचक या निर्देशाकडे बहुधा वळूनही पाहत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे पाहिले नव्हते. परंतु मध्यंतरी औंधास जाण्याचा योग आला, यमाईच्या डोंगराच्या चढावर असलेल्या श्रीभवानी संग्रहालयात एक आखा दिवस घालविता आला, आणि उतरताना तोच निर्देश मनात एखाद्या कुसळासारखा रुतून बसला. प्राचीन नमुना म्हणजे काय? आणि चित्रकाराने माणूस काढावयाचा तो कोणाकडे पाहून काढावयाचा? दगडाकडे, ग्रंथाकडे, की समोर बसलेल्या माणसाकडे?

बाळासाहेबांविषयी लिहिताना प्रथम आदर व्यक्त केला पाहिजे, आणि तो उपचार म्हणून नव्हे. १८६८ साली जन्मलेला व १९०९ साली गादीवर आलेला हा संस्थानिक इतर अनेकांप्रमाणे चित्रे विकत घेऊन भिंती भरविणारा नव्हता; तो स्वतः कुंचला धरीत असे. १९१६ साली त्यांचे ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झाले. वेरूळ आणि अजिंठा या दोन्ही स्थळांवर त्यांनी पुस्तके लिहिली; अजिंठ्यावरील पुस्तक १९३२ सालचे आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, जे मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले निष्णात चित्रकार असूनही पुढे वेदाध्ययनाकडे वळले, ते १९१८ साली औंधास येऊन राहिले. १९३८ साली संग्रहालय उभे राहिले. एका लहानशा माळरानी गावात रविवर्म्याची चित्रे, धुरंधरांची चित्रे आणि हेन्री मूरचे माता-बालक हे शिल्प एका छपराखाली पाहावयास मिळावे, हे आश्चर्य आजही कमी झालेले नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५१ साली बाळासाहेब वारले. डोंगरावरचे हे वैभव मात्र जागच्या जागी आहे. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या शिकल्यासवरल्या कुटुंबांतील किती मंडळी मुलाबाळांसह तेथे गेली आहेत, हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

आता चित्रांकडे वळू. बाळासाहेबांनी प्राचीन नमुन्यांचा आग्रह का धरला असावा, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढल्यापासून देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर पोहोचली, आणि दमयंती, शकुंतला, सीता या सर्व जणी आपल्या काळातील साड्या नेसून आपल्या भिंतींवर उभ्या राहिल्या. लोकांस त्या आवडल्या, कारण त्या ओळखीच्या वाटल्या. परंतु ज्याने सांची, भारहूत आणि अजिंठा डोळ्यांनी पाहिला आहे, त्यास हा कालविपर्यास खटकल्यावाचून कसा राहील? महाभारताचा शुद्ध पाठ शोधण्यासाठी पंडित मंडळी देशभरची हस्तलिखिते जमवीत होती. त्याच न्यायाने वस्त्रे, अलंकार, मुकुट, रथ आणि आयुधे यांचाही शुद्ध पाठ शोधावा, असे एका चित्रकार राजास वाटले. ही कल्पना मोठी आहे. आमच्या समजुतीप्रमाणे तिचे जेवढे कौतुक व्हावयास पाहिजे होते तेवढे झालेले नाही.

पण पाठ शुद्ध झाला तो वस्त्रांचा. शरीराचा पाठ कोणी शोधला नाही. या चित्रांतील वीर पुरुष पाहावे. मुकुट बरोबर आहे, उत्तरीय बरोबर आहे, बाहुभूषण बरोबर आहे. आणि या सर्व बरोबर वस्तू ज्यावर चढविल्या आहेत ते शरीर मात्र कोणाचेच नाही. उभा असलेला मनुष्य जमिनीवर भार देत नाही. धनुष्य ओढणाऱ्याच्या पाठीत ओढ उतरत नाही. शोक करणारी स्त्री कपाळास हात लावते, पण तिचे खांदे शोक करीत नाहीत. ‘चित्ररामायणा’तील अनेक प्रसंग तर आम्हांस नाटकाच्या शेवटच्या क्षणी पडदा पडता पडता अडकावा तसे वाटले: सर्व पात्रे प्रेक्षकांकडे तोंड करून, हात अर्धवट उचलून, कोणाची तरी वाट पाहत उभी. यात नवल नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस सीतास्वयंवर रंगभूमीवर आणल्यापासून आपल्या या कृष्णाकाठाने रामायण पाहिले ते रंगभूमीवरच. चित्रकाराच्या डोळ्यांपुढे नमुना नव्हता असे नव्हे. नमुना होता, तो नटाचा होता. आणि नट आपले शरीर जसे आहे तसे दाखवीत नाही, पंचविसाव्या रांगेत कळेल असे दाखवितो.

येथे कोणी म्हणेल की, जिवंत माणसासमोर बसून रेखाटन केल्याने एवढा काय फरक पडतो? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर थोडे विस्ताराने दिले पाहिजे, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी हा अभ्यास पाहिलेला नसेल. वर्गाच्या मध्यभागी एका चौथऱ्यावर मनुष्य उभा असतो. त्याच्या पावलांभोवती खडूने खूण केलेली असते, म्हणजे विश्रांतीनंतर तो पुन्हा त्याच जागी येऊ शकेल. कारण वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ निश्चल उभे राहणे हे कष्टाचे काम आहे. विद्यार्थी हात लांब करून पेन्सिलीने मापे घेतो. डोक्याची उंची हे माप धरले तर पुरता वाढलेला मनुष्य साधारणपणे साडेसात डोकी भरतो. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी नाक-डोळे काढण्यात गुंततो आणि पाय कागदाबाहेर जातात. मग शिक्षक येऊन सगळे पुसावयास लावतो आणि एकच गोष्ट विचारतो: याचा भार कोणत्या पायावर आहे?

या एका प्रश्नात अर्धी विद्या आहे. मनुष्य दोन्ही पायांवर सारखा भार देऊन क्वचितच उभा राहतो. एका पायावर भार आला की त्या बाजूचे नितंब वर चढते. तोल सावरण्यासाठी त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मधला कणा धनुष्यासारखा वाकतो. आणि गळ्याच्या खळीतून ओळंबा सोडला तर तो बहुधा भार घेतलेल्या पावलाच्या घोट्याजवळ उतरतो. हे पुस्तकात वाचून कळते, पण हातात येत नाही. हातात येते ते समोरचा मनुष्य थकू लागतो, पाय बदलतो आणि क्षणात सगळ्या रेषा उलट्या होतात तेव्हा. प्लास्टरचा पुतळा थकत नाही. छायाचित्रही थकत नाही. म्हणून त्यांच्यावरून शिकलेल्या हातास भार म्हणजे काय हे कळत नाही. बाह्यरेषा मात्र सुरेख येते. समोरून पुढे आलेला हात किंवा आपल्याकडे पाय करून निजलेला मनुष्य काढताना लांबी आखडते, मांडी एका वीतभर जागेत मावते. तेथे तर ज्ञान उपयोगी पडत नाही, उलट आड येते. मांडी लांब असते हे जो विसरू शकतो, त्यालाच ती जशी दिसते तशी काढता येते.

याउलट असे म्हणता येईल की, आपल्या प्राचीन कलावंतांनी कोठे असे वर्ग भरविले होते? आमचे म्हणणे असे की, ज्या अर्थी त्यांचे हात असे चालले त्या अर्थी त्यांचे डोळे आयुष्यभर वर्गात बसले होते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा त्रिभंग हा वर सांगितलेल्या भाराच्या नियमाचाच एक काव्यमय विस्तार आहे. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्रात निजलेला मनुष्य चैतन्ययुक्त आणि मेलेला चैतन्यरहित असा ज्यास दाखविता येतो तोच चित्रवेत्ता, अशा अर्थाचे सांगितले आहे. निद्रा आणि मृत्यू यांतला हा फरक कोणत्या शिळेवरून शिकता येईल? तो शिकावयास निजलेल्या लेकराजवळ बसावे लागते, आणि केव्हा तरी एखाद्या मृताजवळही. कालिदासाचा अग्निमित्र प्रथम मालविकेचे चित्र पाहतो, आणि ती प्रत्यक्ष समोर आल्यावर त्याला वाटते की चित्रकाराचीच एकाग्रता ढिली पडली असावी. म्हणजे चित्राची कसोटी समोर उभे असलेले माणूस, हे आपल्या परंपरेस नवे नाही.

तेव्हा प्राचीन नमुन्यांचा आदर करावयाचा तर त्यांनी ज्याकडे पाहिले त्याकडे पाहणे हा एक मार्ग. त्यांनी काढले ते पुन्हा काढणे हा दुसरा. बाळासाहेबांनी दुसरा पत्करला. गंमत अशी की, पहिल्या मार्गाची सामग्री त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाजवळही नव्हती. सूर्यनमस्कारांचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता तो हाच राजा. स्वतः रोज नमस्कार घालणारा, संस्थानच्या शाळांतून मुलामुलींकडून ते घालून घेणारा आणि १९३८ साली त्यावरचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला. रोज सकाळी शेकडो शरीरे त्याच्या राज्यात वाकत होती, पसरत होती, उठत होती. पाठीचा कणा, खांद्याची पाती, ताणलेली पोटरी, हे सर्व उघड्या उजेडात. त्या सकाळींतील एक तरी वाकलेली पाठ चित्रात उतरावी अशी आमची फार इच्छा होती. आम्ही संग्रहालयात शोधली. आम्हांस सापडली नाही. शरीर सुदृढ करावयाचे, पण चित्रात घालावयाचे ते लेण्यांतले, अशी ही विभागणी त्या पिढीच्या मनात कोठून आली असावी?

मुंबईत याच काळात वेगळे चालले होते. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली. पहिली साठ वर्षे तेथील विद्यार्थी मुख्यतः ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून मानवाकृती शिकत. अपोलोचे नाक आणि व्हीनसचा गुडघा गिरवून कित्येक पिढ्या तयार झाल्या, आणि त्यांतूनही म्हात्रे, धुरंधर यांसारखे लोक निघाले, हे त्यांच्या दृष्टीचे सामर्थ्य. १९१९ साली कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी शाळेची सूत्रे हाती घेतली आणि जिवंत, विवस्त्र नमुन्यावरून अभ्यास करण्याचा वर्ग उघडला. लागलीच भित्तिचित्रांचाही वर्ग निघाला. सॉलोमन यांचे म्हणणे असे की, या वर्गाने विद्यार्थी पाश्चात्त्य होत नाही. उलट त्याच्या अंगची भारतीय अलंकरणाची बुद्धी मोकळी होते. कलकत्त्याकडील मंडळींस हे मुळीच मान्य नव्हते. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी १९१४ सालीच भारतीय शरीररचनेवर निबंध लिहून, गोमुखासारखे धड आणि हत्तीच्या सोंडेसारखा बाहू या उपमांतच आपले शरीरशास्त्र आहे, असे प्रतिपादन केले होते. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई आणि थोडा राग खर्च झाला. आमचे मत विचाराल तर अवनींद्रनाथांची उपमा खरी आणि सॉलोमनचा वर्गही खरा. कारण हत्तीची सोंड ज्याला बाहूत दिसली त्याने आधी बाहू नीट पाहिला होता. उपमा ही पाहण्याच्या शेवटी येते. आपण ती आरंभी पाठ करतो, तेथे घोटाळा होतो.

या सर्वांतून साताऱ्यास आणि सांगलीस काय पोहोचले? चित्रकलेच्या शासकीय परीक्षा पोहोचल्या. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षांस बसला नाही असा मुलगा आपल्या वाचकांच्या घरांत विरळा. त्यांत स्मरणचित्र नावाचा एक विषय असतो. भाजीबाजार, बसथांबा, पावसातील शाळा असे काही काढावयाचे, आणि त्यात माणसे असलीच पाहिजेत. आता विचार करा: ज्या मुलास समोर बसलेला एकही मनुष्य पाहून काढावयास कधी कोणी सांगितले नाही, त्याने माणसाचे स्मरण कोठून आणावे? स्मरण होण्यासाठी आधी दर्शन व्हावे लागते. मग तो मार्गदर्शक पुस्तकांतील माणसे पाठ करतो. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्री धरलेला गृहस्थ, पाठमोरे पोर. साताऱ्याच्या पोराने काढलेली बाई आणि जतच्या पोराने काढलेली बाई या दोघी जुळ्या बहिणी असतात, आणि दोघींपैकी कोणीही त्या पोरांच्या गावची नसते. वस्तुचित्रास तांब्या-पेला समोर ठेवतात. माणसास तेवढाही मान नाही.

पुढे कलाशिक्षणाच्या वर्गात गेल्यावर जिवंत मनुष्य समोर येतो खरा, पण कोणता? बाजारातून आणलेला, मोठे पागोटे बांधलेला, मिशाळ, सुरकुतलेला म्हातारा. त्याचे डोके काढावयाचे, फार तर छातीपर्यंत. या पागोटेवाल्या म्हाताऱ्याने पश्चिम महाराष्ट्रातील व्यक्तिचित्रणावर शंभर वर्षे राज्य केले आहे. त्याच्या सुरकुत्यांत रंग मारणे हे कौशल्य आहे; आम्ही त्यास नाके मुरडीत नाही. परंतु गळ्याखाली माणूस असतो, आणि तो गळ्याखालचा माणूसच शेत नांगरतो, मूल कडेवर घेतो, रडतो तेव्हा हादरतो. हे आमच्या चित्रांतून जवळजवळ नाहीसे झाले आहे.

कारण सर्वांस ठाऊक आहे. लाज. ही लाज केवळ आपलीच आहे असे समजून कोणी खाली मान घालू नये. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ सालच्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. झोफानी नावाच्या चित्रकाराने काही वर्षांनी अकादमीच्या सभासदांचे समूहचित्र काढले. प्रसंग विवस्त्र नमुन्याच्या वर्गाचा असल्यामुळे त्या दोघींस त्याने प्रत्यक्ष बसविले नाही, भिंतीवरच्या तसबिरींत टांगून ठेवले! तेथील विद्यार्थिनींस अशा वर्गात पाऊल ठेवावयास १८९३ साल उजाडावे लागले, आणि तेही नमुन्याने पुरेसे वस्त्र घेतल्यावर.

लाज म्हणजे नेमके काय याचा एक अनुभव आम्हांस घरातच आला. सांगलीच्या गावभागातील आमच्या एका आप्तांचा मुलगा मुंबईकडे चित्रकला शिकावयास गेला होता. दिवाळीस घरी आला, आणि वहिनींनी त्याची पिशवी आवरताना रेखाटनांची वही उघडली. आम्ही त्या वेळी तेथे पाहुणे होतो. वही दिवाणखान्यात मधोमध ठेवण्यात आली, जणू पंचनामाच व्हावयाचा होता. वडिलांनी शाळा सोडविण्याची भाषा केली. चुलत्यांनी खजुराहोचा दाखला देऊन मुलाची बाजू घेतली, पण वहीकडे न पाहता. मुलगा खाली मान घालून बसला होता. शेवटी घरातील सर्वांत वृद्ध, म्हणजे आत्याबाई, चष्मा लावून पुढे आल्या. त्यांनी एकेक पान सावकाश उलटले. मग त्या म्हणाल्या, “बाईच्या पोटावर बाळंतपणाच्या खुणा दिसताहेत. किती लेकरं रे तिला?”

मुलगा म्हणाला, “ठाऊक नाही, आजी.”

“नाव काय तिचं?”

त्याला नावही ठाऊक नव्हते. एक संपूर्ण सत्र तो तिच्यासमोर बसला होता. तिच्या गुडघ्याची वाटी, तिच्या मानेचा पीळ त्याने पन्नास वेळा काढला होता. आत्याबाईंनी वही मिटली आणि म्हटले, “मग काय शिकलास?” त्या दिवशी लाजेचा विषय पुन्हा निघाला नाही, खरे म्हणजे तो तेथेच निघाला, पण वेगळ्या पायावर. नागवेपण पाहणे यात लाजिरवाणे काही असेल तर ते पाहण्यात नाही, अर्धे पाहून थांबण्यात आहे, असे आम्हांस वाटू लागले ते त्या संध्याकाळपासून.

चित्रकारासमोर बसणाऱ्या स्त्रीविषयी आपल्या भाषेत अलीकडे जे सर्वांत गंभीरपणे बोलले गेले ते चित्रपटात. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ २०१७ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातील भारतीय विभागासाठी परीक्षकांनी निवडला होता. मंत्रालयाने तो वगळला. पुढे एप्रिल २०१८ मध्ये तो चित्रगृहांत आला. नवऱ्याचे घर सोडून मुंबईस आलेली यमुना आपल्या मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत विवस्त्र बसू लागते आणि मुलापासून ते लपवते. कल्याणी मुळे आणि छाया कदम यांनी जे काम केले आहे ते विसरता येण्यासारखे नाही. आमचा आक्षेप एवढाच की, चित्रपट वर्गातील कष्टाकडे पुरेसा वेळ पाहत नाही. बधिर झालेला पाय, मानेत भरलेली कळ, पंख्याचा थंड वारा, मधल्या सुट्टीतला चहा, यांतच त्या कामाची प्रतिष्ठा आहे. ते काम आहे, त्याग नव्हे. अमृता शेरगिलने १९३३ साली पॅरिसमध्ये एका उतारवयातील धंदेवाईक नमुन्याचे चित्र काढले. त्यात सौंदर्यही नाही, दयाही नाही. एक थकलेली कामकरी बाई आहे. विशीतल्या मुलीस हे दिसले, आणि अनेक प्रौढ चित्रकारांस जन्मभर दिसले नाही.

नमुना विवस्त्रच असला पाहिजे, असाही आमचा हट्ट नाही. सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या कन्येस हाती दिवा देऊन उभे केले आणि ते जलरंगातील चित्र काढले, जे म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि जे पाहून लोक अजूनही रविवर्म्याचे नाव घेतात. साडीच्या आत ती मुलगी श्वास घेते आहे. दिव्यावर धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड रक्तासह बाहेर येतो. वस्त्राच्या आतले शरीर ज्याने पाहिले आहे त्यालाच वस्त्र काढता येते, एवढेच तात्पर्य त्या चित्राकडून घ्यावे. औंधच्या चित्रांत नेमके हेच उलट झाले आहे.

राहता राहिला प्रश्न साधनांचा. सातारा-सांगलीकडे नमुना कोठून आणावा, असे कलाशिक्षक विचारतात. आम्हांस या प्रश्नाचे हसू येते. ज्या मुलुखात गावोगाव तालमी आहेत, ज्या मातीतून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव उठून १९५२ साली हेलसिंकीस पदक जिंकून आले, तेथे नमुना नाही? लंगोट लावलेले शरीर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या, जत्रेत, सहकुटुंब, बिनदिक्कत पाहिले जाते. मायकेलॅंजेलोने आपल्या लिबियन सिबिलसाठी जो अभ्यास केला तो पुरुष नमुन्यावरून. त्या भविष्यवादिनीची ती प्रसिद्ध पाठ एका तरुणाची आहे. तेव्हा नुसत्या तालमीवरही पुष्कळ दूर जाता येईल. आखाड्यात मात्र नमुना स्थिर उभा राहत नाही. तेथे डोळ्यास धावावे लागते, आणि आमच्या मते हे चांगलेच आहे.

वर सांगितलेला मुलगा त्या सुट्टीत खरोखरच तालमीत जाऊन बसू लागला. आत्याबाईंनीच पाठविले. पहिले आठ दिवस पैलवान त्याच्याकडे पाहून हसत, नंतर विसरले. एके दिवशी आम्ही त्याच्याबरोबर गेलो होतो. जोर संपवून वस्ताद भिंतीला टेकले, अंगावर माती टाकून घेतली आणि हात पुढे करून वही मागितली. त्यांनी स्वतःचे चित्र बराच वेळ न्याहाळले. छाती त्यांस पसंत पडली. दंडही पडला. मग अंगठा पायावर ठेवून ते म्हणाले, “पोरा, ह्यो मी उभारलेला न्हाई. मला टांगलाय हितं.”

मुलाने विचारले, “कसं उभं राहता तुम्ही?”

वस्ताद उठले, हौद्यात उतरले आणि डाव्या पायावर भार देऊन उभे राहिले. “वताद म्हनून बगू नगंस,” ते हसून म्हणाले, “ह्या टाचंकडं बग. आता ढकल मला.” मुलाने वही खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या खांद्यास रेटा दिला. ते हलले नाहीत. त्याने पुन्हा रेटा दिला. मग मातीने भरलेल्या हातांनीच त्याने पेन्सिल उचलली आणि पाय पुसून टाकला.